नाशिकमध्ये छोटी ऑपेरा मंडळी : अनेक भाषांतले नवे संगीतनाट्य कसे उभारावे?

गोदातीर (प्रश्न)

नमस्कार. नाशिकमधील आम्ही काही गायक, वादक आणि लेखक मिळून एक छोटी मंडळी उभी करण्याच्या विचारात आहोत. जुन्या संगीत नाटकांचे पुनरुज्जीवन हा आमचा हेतू नाही. ते काम करणाऱ्या संस्था आहेत आणि त्या ते आमच्यापेक्षा चांगले करतात. आम्हाला आजच्या विषयावरचे, नव्याने लिहिलेले आणि नव्याने स्वरबद्ध केलेले संगीतनाट्य करायचे आहे. त्यात गद्य प्रवेशांच्या मध्ये पदे पेरलेली नसतील, तर कथा मुख्यतः गाण्यातूनच पुढे सरकेल. सोयीसाठी आम्ही आपसांत त्याला ऑपेरा म्हणतो.

विषय ठरलेला आहे. २०१० च्या हंगामात क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढनियंत्रक रसायनाच्या अंशांवरून युरोपात भारतीय द्राक्षे अडकली आणि आपल्या जिल्ह्यातील निर्यातदार बागायतदारांना त्याचा मोठा फटका बसला, हे येथील अनेकांना आठवत असेल. त्या हंगामात निफाड तालुक्यातील एका कल्पित बागेत कथा घडते. बागायतदार मराठी बोलतो. त्याची आई बागलाणातून लग्न होऊन आलेली असल्याने घरात आणि रागात अहिराणीवर जाते. डिपिंग (घड द्रावणात बुडवणे) आणि थिनिंग (घडातले मणी विरळ करणे) यांसाठी सुरगाण्याकडून टोळीने आलेल्या स्त्रिया आपसांत कोकणा ही आदिवासी बोली बोलतात आणि मालकाशी मराठी. निर्यातदाराचा प्रतिनिधी हिंदी बोलतो आणि त्याच्या हातातला प्रयोगशाळेचा अहवाल इंग्रजीत आहे. या भाषा आम्ही हौसेने गोळा केलेल्या नाहीत. अशा बागेत त्या खरोखरच कानावर पडतात.

संहितेचे वाचन सुरू झाल्यापासून मात्र आमच्यातच मतभेद आहेत. काहींच्या मते नाशिकचा प्रेक्षक इतक्या भाषा एका प्रयोगात स्वीकारणार नाही आणि सगळे मराठीतच करून बाकी भाषांची केवळ फोडणी द्यावी. दुसरा प्रश्न गायलेल्या संवादाचा आहे. ‘पाणी सोडलं का?’ असे साधे वाक्य गायले की ते हास्यास्पद वाटते. तिसरा प्रश्न आकाराचा : सहा गायक आणि पाच-सहा वादक यांच्यापलीकडे आमची झेप जाणार नाही. एवढ्यात ऑपेरा म्हणण्याजोगे काही उभे राहू शकते का? जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे. नोंदणी, परवानगी यांविषयीही कोणी सांगितल्यास आभारी राहीन.

पोथीवाचक

गोदातीर, आपल्या सहकाऱ्यांची पहिली शंका इतिहासाच्या कसोटीवर टिकणारी नाही, म्हणून तेथूनच सुरुवात करतो.

एकाच नाटकात अनेक भाषा हा संस्कृत रंगभूमीचा नियमच होता. राजा आणि ऋषी संस्कृतात बोलत, नायिका व तिच्या सख्या गद्य शौरसेनीत बोलत आणि गाण्याची वेळ आली की त्यांच्या तोंडी महाराष्ट्री प्राकृत येत असे. ‘शाकुंतला’त अंगठी सापडलेला कोळी मागधीत बोलतो. म्हणजे कोण कोठला, कोणत्या पायरीवरचा आणि कोणत्या क्षणी बोलतो आहे की गातो आहे, हे सगळे भाषा बदलूनच सांगितले जाई. गाण्यासाठी निवडलेली भाषा आपल्याच मुलखाची होती, याचे मला विशेष कौतुक वाटते. १८८० साली ३१ ऑक्टोबरला अण्णासाहेब किर्लोस्करांनी पुण्यात त्याच ‘शाकुंतला’चे पहिले चार अंक मराठीत रंगभूमीवर आणले, तेव्हा मराठी संगीत नाटकाची मोठी परंपरा सुरू झाली खरी, पण मूळ नाटकातली ही भाषांची उतरंड त्या भाषांतरात सपाट झाली.

त्याआधीचे उदाहरण अधिक जवळचे आहे. तंजावरचे शहाजीराजे भोसले (राज्यकाल १६८४ पासून) यांच्या नावावर ‘पंचभाषाविलास’ नावाचे संगीत नाटक आहे. त्यात कृष्णाला वरू पाहणाऱ्या निरनिराळ्या प्रदेशांच्या राजकन्या आपापल्या भाषेत बोलतात आणि गातात. तमिळ, तेलुगू, मराठी, हिंदी आणि संस्कृत अशा पाच भाषा एका नाटकात नांदतात. एका मराठी राजाच्या दरबारात तीनशे वर्षांपूर्वी जे चालले, ते नाशिकला आज का चालू नये?

आता अलीकडचे. बहुभाषक ऑपेराकडे जाण्याच्या दोन अगदी विरुद्ध वाटा मला दिसतात आणि आपण कोणत्या वाटेने जाणार हे संहिता पक्की होण्याआधी ठरवावे, असे सुचवतो. पहिली वाट फिलिप ग्लास यांच्या ‘सत्याग्रह’ या ऑपेराची. १९८० साली रॉटरडॅमला तिचा पहिला प्रयोग झाला. रंगमंचावर गांधीजींच्या दक्षिण आफ्रिकेतील लढ्याचे प्रसंग घडतात आणि गायक मात्र भगवद्गीतेतील संस्कृत श्लोक गातात. प्रेक्षकाने शब्दाशब्दाचा अर्थ लावत बसावे अशी तेथे अपेक्षाच नाही. दुसरी वाट फिनलंडच्या काइया सारिआहो यांच्या ‘इनोसन्स’ची, जी २०२१ साली फ्रान्समधील एक्साँ-प्रोव्हान्सच्या महोत्सवात प्रथम झाली. आंतरराष्ट्रीय शाळेतील एका हत्याकांडानंतर मागे उरलेल्यांची ती कथा आहे. त्यात नऊ भाषा आहेत आणि प्रत्येक पात्राला भाषेबरोबर उच्चाराची वेगळी रीतही दिली आहे : कोणी गातो, कोणी तालात बोलतो, मृत मुलगी फिन्निश लोकगायनाच्या पद्धतीने गाते. प्रेक्षकाला एकही शब्द कळला नाही तरी कोण बोलते आहे हे कळते.

आपल्या कथेला दुसरी वाट हवी, असे माझे स्पष्ट मत आहे. आपल्या पात्रांना एकमेकांचे काय समजते आणि काय समजत नाही, यातच तर नाट्य आहे. मजूर स्त्रिया मालकासमोर कोकणा बोलीत काही गातात आणि मालकाला ते कळत नाही, पण त्याच्या आईला अर्धेमुर्धे कळते, अशी एक जागा जरी साधली तरी भाषा फोडणीपुरती उरणार नाही. उलट जेथे एखाद्या भाषेतली ओळ मराठीत केली तरी प्रसंगात काहीच बदलत नाही, तेथे ती ओळ बेलाशक मराठीत करावी. भाषांची संख्या हा अभिमानाचा विषय करू नये.

मध्यमसूर

मी साथसंगत आणि थोडे स्वररचनेचे काम करतो, त्यामुळे गोदातीर यांच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रश्नांबद्दल लिहितो. भाषेच्या बाबतीत पोथीवाचक यांच्याशी सहमत आहे.

गायलेले साधे वाक्य हास्यास्पद वाटते, कारण आपण त्याला चाल लावतो. चाल आली की श्रोत्याला ठेका, मुखडा आणि समेची अपेक्षा निर्माण होते आणि ‘पाणी सोडलं का’ ही ओळ तेवढे ओझे पेलू शकत नाही. पाश्चात्त्य ऑपेरात यासाठी रेसिटेटिव्ह असते, म्हणजे बोलण्याच्या लयीत, थोड्याच स्वरांवर, मोजक्या साथीने म्हटलेला संवाद. आपल्याकडे हे नाही असे समजण्याचे कारण नाही. किर्लोस्करी नाटकात साकी, दिंडी, अंजनीगीत यांनी बऱ्याच अंशी हेच काम केले. कथानक सांगणे, निरोप देणे, वाद घालणे हे सारे त्या छोट्या, ठरीव घाटाच्या रचनांत होत असे आणि रागदारीचे पद भावनेच्या जागेसाठी राखून ठेवलेले असे. पुढे गायक नटांचे युग आले, एकेका पदाला अनेकवार वन्समोअर मिळू लागले आणि कथा पदाच्या दाराशी ताटकळत उभी राहू लागली. नारदीय कीर्तनात आजही बुवा बोलता बोलता आर्येत शिरतात, आर्येतून ओवीत आणि ओवीतून पुन्हा बोलण्यात येतात. हा सांधा कोठे बसला ते ऐकणाऱ्याला कळत नाही. आपल्या गायकांनी ऑपेराच्या ध्वनिमुद्रिका ऐकण्याआधी काही कीर्तने समोर बसून ऐकावीत.

आणि हे प्रयोग नाशिकला नवे नाहीत. येथील हं. प्रा. ठा. महाविद्यालयात शिकवणाऱ्या वसंत कानेटकरांनी १९६६ साली ‘लेकुरे उदंड जाली’ लिहिले, त्याला जितेंद्र अभिषेकींचे संगीत होते. त्यात संवाद सहज यमकात आणि गाण्यात सरकतात आणि प्रेक्षकाला ते खटकत नाही. विषय हलकाफुलका होता म्हणून ते साधले, असा आक्षेप घेतला जाईल. तो काही प्रमाणात खरा आहे. पण तंत्र म्हणून त्याचा बारकाईने अभ्यास व्हायला हवा.

एक व्यवहाराची गोष्ट. गायलेले वाक्य बोललेल्या वाक्याच्या दुप्पट-तिप्पट वेळ सहज घेते. त्यामुळे दोन तासांच्या गद्य नाटकाची संहिता जशीच्या तशी स्वरबद्ध करायला घेतली तर ती रात्रभर चालेल. लेखकाला आधीच सांगावे की त्याने निम्म्याहून कमी लिहायचे आहे. शिवाय कथा ज्या शब्दावर वळते तो शब्द तार सप्तकात ठेवू नये. तेथे स्वर ऐकू येतो, व्यंजने हरवतात. अहिराणीच्या बाबतीत एक आनंदाची बाब सांगतो : तिच्यात ‘ळ’ नाही, डोळ्याचा ‘डोया’ होतो, त्यामुळे ओळ गळ्यातून फार मऊ उतरते. आईचे पात्र लिहिताना संगीतकाराला हे वरदान आहे.

आता ज्या गोष्टीवर छोट्या मंडळ्या बहुधा अडखळतात ती, म्हणजे पट्टी. ऑपेरात प्रत्येक आवाजासाठी स्वतंत्र स्वरपंक्ती लिहिलेली असते, त्यामुळे स्त्री-पुरुष एकत्र गाणे ही तेथे अडचण नाही. आपले गायक मात्र आपापल्या षड्जात, म्हणजे ठरलेल्या ‘सा’त, वाढलेले असतात. पुरुष काळी एकच्या, म्हणजे पेटीवरच्या पहिल्या काळ्या पट्टीच्या, आसपास, स्त्रिया काळी तीन, काळी चारच्या आसपास. दोघांना एका प्रवेशात आणले की एकाला खर्जात घुसमटावे लागते किंवा दुसऱ्याला ओरडावे लागते. मधली पट्टी काढली तर दोघांचेही नुकसान होते. यावर मूर्च्छनेचा उपाय आहे आणि पंडित जसराजांनी ‘जसरंगी’ जुगलबंदीत तो मैफलीत आणला : पुरुषाचा मध्यम हाच स्त्रीचा षड्ज धरून दोघे एकाच वेळी दोन भिन्न राग गातात.

आपल्या कामासाठी याचे सोपे रूप सुचवतो. बागायतदार काळी एकमध्ये भूप गातो आहे असे धरा. त्याचा पंचम म्हणजे काळी चार. मजूर स्त्रीने काळी चार हा आपला षड्ज मानला आणि भूपाचेच पाच स्वर घेतले, तर तिच्या कानाला तो दुर्गा लागतो. पेटीवर त्याच पाच पट्ट्या दाबल्या जातात, वादकाला काही बदलावे लागत नाही, पण त्याचे घर वेगळे आणि तिचे घर वेगळे. एकाच बागेत उभ्या असलेल्या दोन माणसांना एकमेकांचे बोलणे पोहोचत नाही, हे आपल्याला भाषेतून सांगायचे आहे. ते स्वरांतूनही असे सांगता येईल. पुरुष दुर्गा गाईल आणि स्त्री त्याच्या मध्यमाला घर मानून भूप, अशा आणखीही जोड्या निघतात, त्या पेटी घेऊन बसल्यावर सापडतील. मात्र प्रत्येक ठिकाणी ही युक्ती वापरून तिचा चमत्कार करू नये. प्रेक्षकाला युक्ती दिसली की प्रसंग संपला.

आकाराविषयी फार चिंता नको. स्ट्राविन्स्कीची ‘सैनिकाची कथा’ १९१८ साली लोझानला झाली ती सात वादकांवर, कारण महायुद्धाच्या काळात मोठा वाद्यवृंद परवडणारा नव्हता आणि गावोगाव फिरता येईल असे काही हवे होते. बर्लिनला १९२८ साली ब्रेख्त आणि कुर्ट व्हाइल यांचा ‘थ्री पेनी ऑपेरा’ झाला, तेव्हाही वादक सातच होते; एकेक जण अनेक वाद्ये हाताळी. त्याच कृतीवरून पु. ल. देशपांड्यांनी ‘तीन पैशाचा तमाशा’ केला आणि १९७८ मध्ये जब्बार पटेलांनी तो बसवला. संगीतकार बेंजामिन ब्रिटन यांचा ‘टर्न ऑफ द स्क्रू’ १९५४ साली व्हेनिसला प्रथम झाला, त्यातही वादक तेराच आहेत. अभावातूनच हा छोटेखानी ऑपेराचा प्रकार विसाव्या शतकात घडला. आपल्याला सहा वादक असतील तर माझी निवड अशी राहील : पेटी किंवा ऑर्गन, व्हायोलिन, चेलो, क्लॅरिनेट, तबला-पखवाज सांभाळणारा एक आणि संबळ-ताशा-झांजा सांभाळणारा एक. मुद्रित ट्रॅकवर गायचा मोह मात्र टाळावा. संवाद गाणाऱ्याला क्षणभर थांबण्याची, श्वास लांबवण्याची मुभा हवी आणि मुद्रित साथ ती देत नाही.

दिंडोरीकर

वरचे दोन्ही प्रतिसाद अभ्यासपूर्ण आहेत, परंतु एका गोष्टीबद्दल दोघेही बोललेले नाहीत. या संहितेतील कोकणा ओळी कोण लिहिणार आणि त्या कोण गाणार?

शहरातील लेखकाने मराठीत लिहायचे, मग कोणा ओळखीच्या शिक्षकाकडून त्याचे कोकणा बोलीत रूपांतर करून घ्यायचे आणि ते शास्त्रीय गायिकेने पाठ करून म्हणायचे, असे झाले तर सुरगाणा किंवा पेठमधला माणूस पहिल्या ओळीलाच मान फिरवेल. भाषा पात्राचे स्थान सांगते, हे पोथीवाचक यांचे म्हणणे मान्य आहे. म्हणूनच ती भाषा बोलणारी व्यक्ती पहिल्या बैठकीपासून लेखनात हवी, मानधनासह हवी आणि जाहिरातीत तिचे नाव लेखक म्हणून हवे. त्या भागात उत्तम गाणारी, रचणारी माणसे आहेत. ती नाट्यस्पर्धांच्या वर्तुळात दिसत नाहीत, एवढेच.

वाद्यांच्या यादीत पावरी नाही, याचेही आश्चर्य वाटले. भोपळा, बांबूच्या नळ्या आणि शिंग यांनी बनणारे हे वाद्य कोकणा समाजाचे आहे. ते घ्यायचे तर मध्यमसूर यांनी मांडलेले पट्टीचे गणित पुन्हा मांडावे लागेल, कारण हाताने घडवलेल्या प्रत्येक पावरीचा सूर निराळा असतो आणि तो काळी एक किंवा काळी चार यांच्याशी जुळेलच असे नाही. मला विचाराल तर पेटीने पावरीप्रमाणे पट्टी घ्यावी. नेहमी उलटे घडते.

एक विनंती आणखी. आमच्याकडे बोहाडा किंवा भोवाडा हा मुखवटे नाचवण्याचा उत्सव असतो, त्यातले मुखवटे म्हणजे नेपथ्याचे सामान नव्हे. ते देवाचे असतात, ते नाचवण्याचे मान घराण्यांकडे असतात. रंगमंचावर वेगळा परिणाम हवा म्हणून ते उचलू नयेत. वापरायचेच असतील तर गावाला विचारून.

विंगेतून

व्यवस्थापनाची बाजू थोडक्यात लिहितो, कारण त्यात कलेसारखे मतभेदाला स्थान नाही.

संस्था म्हणून किमान सात सदस्य लागतात. १८६० च्या सोसायटी नोंदणी कायद्याखाली आणि त्याबरोबर १९५० च्या महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाखाली धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात नोंदणी होते. कंपनी कायद्याच्या कलम ८ खालची ना-नफा कंपनी हा दुसरा मार्ग आहे. तिचा हिशेबाचा आणि वार्षिक विवरणपत्रांचा खर्च छोट्या मंडळीला जड जातो. सातपूर-अंबडच्या कारखान्यांकडून सामाजिक दायित्वाचा निधी मिळवण्याचे स्वप्न सगळेच पाहतात. कला आणि संस्कृती हा विषय त्या यादीत आहे, परंतु नव्या संस्थेला सहसा तीन वर्षांचे काम दाखवावे लागते. तोवर वर्गणी आणि तिकीट.

महाराष्ट्रात तिकीट लावून नाटक करायचे तर रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचे प्रमाणपत्र लागते. संहितेत चार-पाच भाषा असतील तर अमराठी भागांचा मराठी अर्थ समोरच्या पानावर छापूनच संहिता सादर करावी, म्हणजे शंका-कुशंकांचा पत्रव्यवहार वाढत नाही. राज्य नाट्यस्पर्धेत मराठी, हिंदी, संगीत आणि संस्कृत असे वेगवेगळे विभाग आहेत. आपली संहिता त्यांच्यापैकी कशात बसते हे प्रवेशिका भरण्याआधी सांस्कृतिक कार्य संचालनालयाकडून लेखी विचारून घ्यावे. तोंडी उत्तरावर विसंबू नये.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे लेखी करार. मूळ संगीतनाट्यात शब्द, स्वररचना आणि वाद्यसंयोजन असे तीन स्वतंत्र हक्क एका घरात राहतात. मैत्रीच्या भरात काही लिहिले जात नाही आणि मग पहिल्या यशस्वी प्रयोगानंतर भांडण होते. स्वामित्व हक्क कायदा, १९५७ च्या कलम १९ नुसार हक्कांचे हस्तांतरण लेखीच असावे लागते. मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे आणि प्रदेश लिहिला नसेल तर तो भारतापुरता धरला जातो. दिंडोरीकर यांनी सांगितलेल्या कोकणा लेखकाचे नावही याच करारात यायला हवे, केवळ जाहिरातीत नव्हे.

नाट्यगृहाविषयी : महाकवी कालिदास कलामंदिर पहिल्या प्रयोगासाठी घेऊ नका, असे मी आग्रहाने सांगेन. रिकाम्या खुर्च्यांकडे पाहून गायकाचा आवाज बसतो. सार्वजनिक वाचनालयाचे परशुराम साईखेडकर नाट्यगृह किंवा कुसुमाग्रज स्मारकाचे सभागृह अशा कामाला सोयीचे आहे. तेथे सहा वादक बाजूला बसवले तरी शब्द ऐकू येतात, ध्वनिवर्धक कमी लागतात. नाशिकमध्ये छोट्या पटावरचे काम रुजत नाही असेही नाही. येथल्याच प्राजक्त देशमुख यांचे ‘संगीत देवबाभळी’ दोन स्त्रीपात्रांवर उभे आहे आणि २०१७ पासून व्यावसायिक रंगभूमीवर त्याला जो प्रतिसाद मिळाला तो सर्वांसमोर आहे. आपण सहा गायक म्हणता. ते तर त्या हिशेबाने भरपूर झाले.

गोदातीर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. दिंडोरीकर यांचा मुद्दा आम्हाला लागू पडतो. कोकणा ओळींसाठी सुरगाण्यातील दोन व्यक्तींशी बोलणे सुरू आहे, परंतु त्यांना आम्ही आतापर्यंत ‘भाषा तपासणारे’ असे म्हणत होतो. लेखक म्हणूनच त्यांना बोलवायला हवे आणि पावरीच्या पट्टीवरून पेटी लावून पाहण्याची सूचनाही आम्ही पुढच्या तालमीत आजमावणार आहोत.

दोन उपप्रश्न राहतात. प्रेक्षकाला अर्थ कळावा म्हणून पडद्यावर मराठी ओळी दाखवाव्यात का? आणि इंग्रजी अहवालाचे काय करावे? प्रतिनिधी तो वाचून दाखवतो आणि त्या कागदावर सगळ्यांचे वर्षभराचे काम टांगलेले आहे, अशी ती जागा आहे. आमच्या संगीतकाराला तेथे मोठे एकल गीत हवे आहे.

पोथीवाचक

रंगमंचाच्या वर भाषांतराच्या ओळी दाखवण्याची पद्धत १९८३ साली टोरांटोच्या कॅनेडियन ऑपेरा कंपनीने सुरू केली आणि तेव्हा तिच्यावर टीकाही झाली, की प्रेक्षक गायकाकडे न पाहता पडदा वाचत बसतील. आज ती जगभर रुळली आहे. तरीही आपल्या संहितेत तिचा सरसकट उपयोग करू नये, असे मला वाटते. आपण प्रेक्षकाला सगळे समजावून दिले, तर ज्या प्रवेशात मालकाला काही कळत नाही त्या प्रवेशात प्रेक्षक मालकाच्या वर जाऊन बसतो. काही ठिकाणी त्याने मालकाइतकेच अनभिज्ञ राहावे. म्हणून कोणती ओळ दाखवायची आणि कोणती नाही, हे दिग्दर्शकाने नेपथ्य आणि प्रकाशयोजनेइतक्याच काळजीने ठरवावे. अहिराणीसाठी तर पडद्याची गरजच भासू नये. नाशिकच्या प्रेक्षागृहात कसमादे (कळवण, सटाणा, मालेगाव, देवळा) पट्ट्यातून किंवा खानदेशातून आलेली इतकी माणसे असतात की त्यांचे हसणे हेच शेजारच्याला भाषांतर होईल.

‘घाशीराम कोतवाल’ आठवावे. १९७२ च्या त्या प्रयोगात माणसांची रांग हाच पडदा होता आणि तीच रांग गात-नाचत निवेदनही करत असे. आपल्या मजूर स्त्रियांच्या टोळीने एखादी कोकणा ओळ गाऊन लगेच मालकासाठी तीच मराठीत जरा बदलून, गोड करून सांगितली, तर भाषांतरही होईल आणि त्या काय लपवतात हेही कळेल.

मध्यमसूर

अहवालाच्या जागी मोठे एकल गीत देऊ नये, असे संगीतकारांना माझ्या वतीने सांगावे. त्या कागदात रसायनाचे नाव, एक आकडा, मर्यादा आणि तारीख एवढेच असणार. ते एकाच स्वरावर, बिनतालाचे, पोथी वाचावी तसे वाचले जावे आणि तो स्वर बागायतदाराच्या भूपात वर्ज्य असलेल्यांपैकी असावा; शुद्ध निषाद घेऊन पाहावा. त्याखाली पेटीने काहीही धरू नये. स्त्रियांचे डिपिंगचे गाणे मागे त्याच लयीत चालू राहू द्यावे, कारण त्यांना तो कागद वाचता येत नाही आणि घड तर त्या संध्याकाळपर्यंत बुडवायचेच आहेत. बागायतदाराचे गाणे, असेल तर, त्यानंतरच्या प्रवेशात यावे.

तालमीला बोलावणार असाल तर पेटी घेऊन येईन. पावरीची पट्टी आधी कळवावी.